पहिलं बोट गिऱ्हाइकाचं

सबनीसकाका ज्या घरात हात धुवायला जातात, त्या घरातली टूथपेस्टची ट्यूब त्या दिवशी वाचत नाही.

"जरा हात धुवून येतो," म्हणून ते बाथरूममध्ये शिरतात. बराच वेळ नळाचा आवाज येत नाही. मग दार उघडतं आणि एका हातात उभी चिरलेली ट्यूब, दुसऱ्या हाताच्या बोटावर पांढरा गोळा अशा थाटात काका बाहेर येतात. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी त्यांची एक छोटी कात्री कायम असते. "बघा," ते यजमानांच्या नाकाखाली बोट धरतात. "ही तुम्ही उद्या कचऱ्यात टाकणार होतात. अख्ख्या घराचे दात अजून आठवडाभर घासून झाले असते." यजमानांनी तोवर चहा टाकलेला असतो, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नाही.

माझ्या घरी त्यांनी हा उद्योग पहिल्यांदा केला तेव्हा ट्यूब टूथपेस्टची नव्हती. माझ्या नणंदेने परदेशातून आणलेलं चेहऱ्याचं क्रीम होतं, आणि ते निम्म्याहून जास्त शिल्लक होतं.

"अहो काका, ती भरलेली होती!" मी ओरडले.

"मग उत्तम. आता दिसतंय तरी किती आहे ते. मघाशी माहीत होतं का तुम्हाला?"

माहीत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुढे कितीतरी दिवस ते क्रीम मी वाटीत काढून, वर ताटली झाकून वापरलं. माझ्या नवऱ्याने एकदा ते लोणी समजून थालीपिठाला लावलं. त्याचा रागही मी काकांच्याच खात्यावर मांडला.

मी स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा पुढचं सगळं थोडं कमी करून वाचलंत तरी चालेल. काकांचा भाग मात्र कमी करू नका.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटे राहतात. क्रीम, पावडर, केसांचं तेल असलं काही बनवणाऱ्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात त्यांची हयात गेली. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी या सोसायटीत आले त्याच्याही आधीची गोष्ट. मुलगा बंगळुरात असतो. काकूंबद्दल ते कधी बोलत नाहीत. बाकी सगळ्याबद्दल बोलतात आणि ते सगळं रागावून बोलतात. बिस्किटाच्या पुड्याची लाल पट्टी ओढली की पुडा भलतीकडेच फाटतो, यावर त्यांचा राग. वेफरच्या पिशवीतल्या हवेवर राग. सॉसच्या बाटलीला गळा इतका अरुंद का, यावर तर त्यांनी एकदा मुंजीच्या पंगतीत शेजारच्या गुरुजींना जाब विचारला होता. कोपऱ्यावरचा केमिस्ट त्यांना लांबून येताना पाहतो आणि काउंटरवरची क्रीमं उचलून आत ठेवतो. कारण दुकानात शिरल्या शिरल्या त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "तळ दाखवा."

कुठलीही वस्तू ते आधी उलटी करतात. डबी, बाटली, खोका, काहीही. त्यांच्या मते जगातली सगळी लबाडी तळाशी असते.

असल्या माणसाला तू आपल्या धंद्यात का घेतलंस, असं माझ्या नवऱ्याने मला विचारलं होतं. धंदा "आपला" आहे हे त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं.

झालं होतं असं, की खराडीतल्या ऑफिसातली नोकरी मी एका दुपारी सोडून दिली. माझ्याहून कितीतरी लहान असलेल्या साहेबाने माझ्या वर्षभराच्या कामाबद्दल मला एवढंच सांगितलं की, "मेधा, कॉलवर थोडं स्माइल करत जा." मी तिथल्या तिथे स्माइल केलं आणि राजीनामा दिला. मग कॉलेजातली मैत्रीण यास्मिन हिला फोन केला. यास्मिनच्या घरचं बुधवार पेठेत रिकाम्या बाटल्यांचं जुनं दुकान आहे. अत्तराच्या कुप्यांपासून तेलाच्या कॅनपर्यंत तिथे सगळं मिळतं आणि सगळं रिकामं मिळतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला बाटल्या पुरवल्या, आता एकदा आपला माल आपल्या बाटलीत भरू, असं तिला किती दिवस वाटत होतं. थंडीत लावायचं एक साधं, चांगलं क्रीम काढायचं असं आम्ही ठरवलं. नावही ठरलं, "तुकतुकी". धायरीजवळचा एक लहानसा कारखाना क्रीम बनवून द्यायला तयार झाला. राहता राहिलं एकच. क्रीम नेमकं कसं असावं हे कळणारा माणूस हवा होता, आणि तो तळमजल्यावर होता.

"नाव काय म्हणालात?" काकांनी विचारलं.

"तुकतुकी."

"तुकतुकीत वांगी असतात. बायका नव्हे."

"नाव ठरलंय, काका."

"मग वांगीच विका. मला कशाला बोलावलंत?"

तरी ते आले. येताना अटी घेऊन आले. खोक्यावर बाईचा फोटो नको. 'जादू' हा शब्द नको. आणि क्रीम रुंद तोंडाच्या डबीतच हवं. "बोट तळापर्यंत गेलं पाहिजे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक शेवटच्या कणाचे पैसे देतं." आम्ही दोघींनी माना डोलावल्या. धंद्याच्या सुरुवातीला माणूस कशालाही मान डोलावतो.

त्यानंतर काकांनी आमचा जो छळ मांडला, तो आठवला की अजून माझ्या कपाळाची शीर उडते.

प्रत्येक नमुना ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर लावत. बॉलपेनने हातावर चौकोन आखत, प्रत्येक चौकोनात एकेक क्रीम चोपडत आणि बाल्कनीत उन्हात हात पसरून बसत. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांना त्वचेचा काही आजार असावा असं समजून वाटेवरून जाताना पदर सावरून घेतला. काकांनी त्यांना बाल्कनीतूनच हाक मारून दोन चौकोनांतला फरक दाखवला. त्यांचा हात पुरेना तेव्हा आमच्या हातांवर संक्रांत आली. एका दुपारी ऐन दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी यास्मिनच्या उजव्या हाताला क्रीम फासलं आणि संध्याकाळपर्यंत हात धुवायचा नाही असा हुकूम सोडला.

यास्मिन चिडली की हिंदीत जाते. "काका, मैं खाना कैसे खाऊं?"

"चमच्याने," काका म्हणाले आणि छत्री उचलून निघून गेले.

कारखान्यातली माणसं तर त्यांना पाहून डब्याच बंद करायची. गरम क्रीम डबीत ओतलं की ते निवेपर्यंत डबी कोणी हलवायची नाही, वरचा थर आरशासारखा बसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एकदा तिथल्या एका बाईने क्रीम बसलं का ते बघायला सहज करंगळी टेकवली. खरं तर तिचं तेच काम होतं. काकांनी ती डबी तिच्या हातातून काढून घेतली.

"पहिलं बोट गिऱ्हाइकाचं!" ते कडाडले. "तुमचं नाही, माझं नाही आणि या मालकीणबाईंचंही नाही. झाकण उघडलं की आत कोणी येऊन गेलेलं नसलं पाहिजे."

मालकीणबाई म्हणजे मी. त्या बाईची माफी मीच मागितली. काकांच्या वतीने माफी मागणं हे एव्हाना माझं मुख्य काम झालं होतं.

आणि वास! क्रीमला वास कोणता घालायचा यावर आमचा उन्हाळा गेला आणि पावसाळाही गेला. यास्मिनचे चाचा अत्तरांतले जाणकार. ते कापसाच्या काड्या बुडवून बुडवून काकांपुढे धरत आणि काका नाक आत ओढून "नाही" म्हणत. हा लग्नातला आहे. हा विमानतळावरचा आहे. हा डासांना चालेल. अहो, पण तुम्हाला हवाय तरी कोणता, असं मी एकदा चाचांसमोरच ओरडून विचारलं.

"आला की कळेल," ते म्हणाले.

तो एका सकाळी आला. गुलाबाचा होता, पण आजकालच्या साबणांतला गोडमिट्ट गुलाब नव्हे. जरा कोरडा, उन्हात वाळत घातलेल्या धुतल्या लुगड्यासारखा काहीतरी. काकांनी काडी नाकाशी धरली, लांब नेली, परत जवळ आणली. मग आमच्याकडे पाठ करून ते खोक्यांच्या थप्पीकडे तोंड करून उभे राहिले. आता थप्पी चुकीची लावलीय म्हणून ओरडणार, असं मला वाटलं.

"चालेल," वळून ते एवढंच म्हणाले. मग चाचांच्या हातातली छोटी कुपी त्यांनी बूच घट्ट लावून खिशात टाकली. "नमुना माझ्याकडे राहील. तुम्ही हरवाल."

डब्यांवरून खरी लढाई झाली. यास्मिनने एक देखणी, चमकदार डबी काढून दाखवली. हातात घेतली तर भरभक्कम. काकांनी अर्थातच आधी ती उलटी केली. मग दुकानातल्या माठातलं पाणी तिच्यात भरलं आणि ते चहाच्या कपात ओतलं. कप निम्माही भरला नाही. डबीला आत दुसरी डबी होती आणि मधे नुसती पोकळी.

"बाहेरून पातेलं, आतून पळी!" काकांचा आवाज इतका चढला की गणपतीच्या दर्शनाला निघालेली माणसं दुकानासमोर थांबून आत बघू लागली. "बाईच्या हातात वजन द्यायचं आणि क्रीम द्यायचं नाही. चोरांनो!"

"काका, सगळेच असं वापरतात," यास्मिन म्हणाली. "आणि दुकान माझंय. चोर बाहेर जाऊन म्हणा."

ते बाहेर जाऊन म्हणाले. शेवटी साधी, एका भिंतीची, रुंद तोंडाची काचेची डबी ठरली. मला ती आवडली होती, हे मी त्या दोघांपैकी कोणालाच सांगितलं नाही.

पण संक्रांत आली आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. क्रीम बायकांना कसं वाटतं हे बघायला मोठ्या कंपन्या काय काय खटाटोप करतात. आपल्याकडे तर हळदीकुंकू आहे! बोलवायचं, तिळगूळ द्यायचा, वाण म्हणून क्रीमची छोटी डबी द्यायची आणि आठवड्याने विचारायचं. यास्मिनने दुकानातले छोटे पंपही आणले होते, वरून दाबलं की क्रीम येतं तसले. म्हणून निम्म्या बायकांना डबी आणि निम्म्यांना पंप असं वाण ठरलं.

पुरुषांनी या समारंभात फिरकायचं नसतं, हे काकांना मान्य होतं. ते फिरकले नाहीत. ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसले आणि गजरा माळून, ओटीतले गहू सावरत उतरणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी थांबवलं. "उघडा. लावा. ठेवून देऊ नका. मी विचारायला येणार आहे." दोन बायका मागच्या जिन्याने गेल्या.

आठवड्याने ते खरोखरच दारोदार गेले. आणि मग ते माझ्याकडे आले ते दाराची बेल न वाजवता, दार ठोकत. डब्या कोणी उघडल्याच नव्हत्या. "इतकी छान आहे, उघडवेना," असं एकीने सांगितलं. एकीची कपाटात होती. आणि कितीतरी जणींच्या डब्या घरात नव्हत्याच, कारण त्यांच्याकडेही हळदीकुंकू होतं.

मला अजून त्याचा अर्थ लागायचा होता. तो रथसप्तमीला लागला. शेजारच्या सोसायटीतल्या एका अनोळखी बाईंकडे मी बोलावणं आलं म्हणून गेले. त्यांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण दिलं. तुकतुकी. माझीच डबी. न उघडलेली, आणि झाकणावर कुण्या कुण्या बायकांच्या हळदीच्या बोटांचे ठसे.

"हे क्रीम आहे का ब्लाऊजपीस?" काका माझ्यावर ओरडले. जणू वाणात आलेला ब्लाऊजपीस न शिवता पुढे देण्याची पद्धत मीच सुरू केली होती.

यास्मिन हसून हसून दमली आणि मग कामाचं बोलली. पंप मात्र सगळ्या बायकांनी वापरले होते. हातात आल्या आल्या दाबून बघण्याचा मोह कोणाला आवरला नव्हता. एकदा दाबला म्हणजे तो वापरलेला, मग पुढे देता येत नाही. "डबी फिरते, पंप संपतो," ती म्हणाली. "पंपच करायचा. नखं वाढवलेल्या मुली डबीत बोट घालत पण नाहीत." मला पटलं. ज्याला हिशेब कळतो अशा कोणालाही पटलं असतं.

"पंपाचा तळ दाखवा," काका म्हणाले.

त्यांनी घरून करवत आणली आणि दुकानाच्या काउंटरवर पंप उभा कापला. तळाशी क्रीम होतंच. ते विजयी नजरेने आमच्याकडे बघू लागले. पण यास्मिनही हट्टाला पेटली होती. तिने कुठून कुठून चौकशी करून एक वेगळा पंप मिळवला. त्यात क्रीमच्या खाली एक चकती असते, क्रीम संपत जातं तशी ती वर सरकते. तिने तो पूर्ण वापरून संपवला आणि करवतीसह काकांसमोर ठेवला. काकांनी कापला. आत काही नव्हतं. धुतल्यासारखा स्वच्छ तळ.

"दिखाया तळ?" यास्मिन म्हणाली.

काकांनी ते दोन तुकडे उचलले. बोटाने आतून पुसून पाहिलं. बोट कोरडं निघालं. आता ते हरले, आता 'चालेल' म्हणतील, म्हणून मी वाट बघू लागले.

"डबीच," ते म्हणाले.

"का पण?" आम्ही दोघी एकदम ओरडलो. "तुमचंच म्हणणं होतं ना तळाचं? दाखवला की तळ!"

"डबीच करायची. मी सांगतोय म्हणून."

मग माझा तोल सुटला. वर्षभराचं सगळं बाहेर पडलं. वाटीतलं क्रीम, कारखान्यातली बाई, जिन्याखालची खुर्ची, सगळं. "तुम्हाला क्रीम नकोच आहे, काका," मी म्हणाले. "तुम्हाला भांडण हवंय. ते घरी कोणाशी करता येत नाही म्हणून आमच्याशी करता."

काकांनी करवत कागदात गुंडाळली. "आपण समर्थ आहात," ते म्हणाले. माझ्याशी 'आपण' म्हणून बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. ते निघून गेले आणि त्यांच्या खिशातून वासाची कुपीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फोन आला. कढया तापवायला घ्यायच्या, वासाचा नमुना कधी देता? संक्रांतीच्या डब्यांच्या वेळी काकांनी कुपी स्वतः नेली होती आणि स्वतःच परत आणली होती. चाचांनी हात वर केले. अंदाजाने घातलेले थेंब, पुन्हा तसेच जमतील याची खात्री देत नाही म्हणाले. म्हणजे कुपी हवीच होती. मी जिना उतरले ती प्रत्येक पायरीवर एकेक वाक्य तयार करत.

दार लोटलेलंच होतं. "बसा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "दूध आहे गॅसवर."

मी बसायला आलेच नव्हते. काकांच्या घरात मी कधी दिवाणखान्याच्या पुढे गेले नव्हते, पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि कुपी मला इथूनच दिसली. आरशाच्या टेबलावर. मी सरळ आत गेले. खोलीतल्या दोरीवर चिरलेल्या ट्यूबा उलट्या टांगल्या होत्या. खिडकीत तेलाची बाटली, शाम्पूची बाटली, सगळ्या वाट्यांवर डोकं खाली करून उभ्या. त्या घरात सुलटं असं काही नव्हतं, फक्त कुपीशेजारची एक डबी सोडून. दुधी काचेची, जुन्या धाटणीची, रुंद तोंडाची. लेबल बोटांनी पुसून पुसून पांढरं झालेलं.

डबी दिसली की उघडून बघायची सवय मला त्यांनीच लावली. मी झाकण फिरवलं.

आत क्रीम होतं. अर्ध्याच्या आसपास. जुन्या लोण्यासारखं पिवळं पडलेलं, कडेने तडकलेलं. आणि त्याच्या मधोमध एक खोलगट रेघ होती. आत बुडून शेवटी जराशी वर वळलेली, क्रीम घेताना बोट वळतं तशी. ज्या माणसाने अख्ख्या सोसायटीच्या ट्यूबा शेवटच्या कणासाठी चिरल्या, त्याच्या घरात अर्धी भरलेली डबी! मी ती नाकाशी नेली. कसला आहे ते बघायला माझं बोट आपोआप पुढे झालं.

"बोट नका घालू."

मागून आलेला तो आवाज ओरडण्याचा नव्हता. त्यांच्याकडे तसलाही आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. काका दारात उभे होते, सांडशीत दुधाचं पातेलं तसंच धरलेलं.

"तिचं बोट आहे ते," ते म्हणाले.

मी बोट मागे घेतलं. त्यांनी पातेलं खिडकीत टेकवलं आणि मग एकदम, नेहमीसारखे, ते माझ्या अंगावर आले.

"पंपात काय राहतं? काही राहत नाही! तुम्हीच दाखवलंत ना काल? स्वच्छ! धुतल्यासारखा तळ! उद्या घरातलं माणूस उठून गेलं की त्या पंपात त्याचं काय राहतं, सांगा ना? सांगा!"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे आधी सांगता येत नव्हतं का? वर्षभर करवती चालवल्या, चौकोन आखले, बायकांना जिन्यात अडवलं, माझ्याकडून नको ते बोलून घेतलं, आणि एवढं एक वाक्य या माणसाच्या तोंडून निघालं नाही! एवढा सगळा वेळ ते त्या गुलाबात या डबीचाच वास शोधत होते, तेही तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"डबीच करू, काका," मी म्हणाले.

"मेहेरबानी नको."

"मेहेरबानी नाही. यास्मिनशी तुम्ही भांडायचं. मी नाही."

"भांडेन की." ते डोळे पुसत नव्हते, चष्मा पुसत होते. निदान तसं दाखवत होते.

"आणि बायका ती न उघडता पुढे देतात, त्याचं काय करायचं?"

"देऊ देत," काका म्हणाले. "फिरू दे. कुठल्या तरी घरी उघडेलच."

त्यांनी कुपी उचलून माझ्या हातात दिली. सांडू नका, उन्हात ठेवू नका, चाचांना परत बूच काढू देऊ नका, अशा सूचना सुरू झाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या हातात ती डबी अजून तशीच उघडी होती.

"आणि ते झाकण लावा आधी," ते खेकसले. "घट्ट लावा. वास जातो."

मी डबी जवळ घेतली. मघाशी नाकाशी नेली होती तेव्हाच कळलं होतं. तरी पुन्हा एकदा, त्यांना दिसू न देता, वास घेतला. तिला कसलाही वास उरलेला नव्हता. मी झाकण ठेवलं आणि ते आणखी फिरेना, तोवर फिरवत राहिले.